पेरणी आणि पाटी
मृगाची पेरणी आणि जूनमधील शाळा एकदमच येतात. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारी आपण बैल पारखून घेतो. पण मुलीच्या पाटीदप्तराची आठवण ठेवितो काय? की धाकटे मूल सांभाळावयास तिला घरीच बसवितो? सिंथिया फॅरारबाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या. १८३९ पासून अहमदनगरास मुलींना शिकवीत राहिल्या व १८६२ साली तेथेच प्रभूपाशी गेल्या. परक्यांच्या लेकींसाठी त्यांनी आयुष्य वेचिले. आपल्या लेकीसाठी आपण पेरणीचे चार दिवस तिच्यावाचून भागवू नये काय? पेरणारा थकतो, वाढविणारा देव थकत नाही. म्हणून शाळा उघडेल त्याच दिवशी तिला आपण स्वतः पोहोचवू या.