बातमीला जबाबदार कोण?

कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी जळजळीत मजकूर छापला. ज्या पत्रांच्या भरवशावर तो लिहिला होता ती बनावट निघाली. त्यापायी १८८२ साली त्यांचे संपादक आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. निःपक्षपाती संपादक म्हणून मिरवण्याचा प्रयत्न दोघांनीही कधी केला नाही. पुढे तर दोघांचेच बिनसले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि संमतिवयाच्या कायद्यावर ‘सुधारक’ आणि ‘केसरी’ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. कोण कोणत्या बाजूचा, हे वाचकाला पक्के ठाऊक होते, आणि मजकूर चुकला तर धरायला माणूस होता.

म्हणून तो काळ आदर्श होता असे मी मानत नाही. १९२० साली बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने घेतली नाही. खुद्द बाबासाहेबांनीच तसे लिहून ठेवले आहे. छापलेल्या शब्दाला निदान उत्तर देता येते. न छापलेल्याचा वाचकाला पत्ताही लागत नाही. पक्षपाताचे हे रूप मला सर्वांत घातक वाटते.

आज मोबाइल हाती असलेल्या कुणालाही अशा संपादकाच्या दारात उभे राहावे लागत नाही. ही मिळकत मोठी आहे, ती कुणी हिरावून घेऊ नये. पण जबाबदार माणूस मात्र हरवला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवर पसरली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला, पण पहिला लिहिणारा अदृश्यच राहिला.

दोन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, पालघरच्या गडचिंचल्यात तशाच अफवेने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा बळी घेतला. या वेळी त्या हत्येला धर्माचा रंग चढवणारे पडद्याआड नव्हते. ते नावागावानिशी बोलत होते, काही तर वृत्तवाहिन्यांवरून. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले. तरी ‘आम्ही चुकलो’ हे वाक्य, आरोप केला तेवढ्याच मोठ्या आवाजात, मी कुणाकडून ऐकले नाही.