दुधाचा दात

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी चौथीत आहे, इथे भोपाळच्याच एका सरकारी शाळेत. रविवारी पाठशाळेत वाटून उरलेल्या गोळ्या मी तिच्या मुठीत कोंबायची. तिचं हसू बघून मलाच पुण्य लागल्यासारखं वाटायचं.

दिवाळीच्या आधी तिची आई म्हणाली, "भाभीजी, परसों छुट्टी चाहिए. बिटिया का दाँत दिखाना है." घरात पाहुणे. मी म्हटलं, "दूध का दाँत होगा, गिर जाएगा. दिवाली के बाद चली जाना." ती काही बोलली नाही. गरिबाचं न बोलणं आपल्याला किती सोयीचं असतं!

दिवाळीनंतर पोरीचा गाल सुजला, तेव्हा मीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही दाढ दुधाची नव्हेच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. (बायांनो, आपापल्या नातवंडांच्या तोंडात आजच डोकावून बघा.) आधी आली असती तर सिमेंट भरून भागलं असतं, आता काढावीच लागणार.

आईने प्लास्टिकच्या पिशवीतून आयुष्मान कार्ड काढलं. 2018 मध्ये आलेली ही योजना, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. पण ते इस्पितळात भरती झाल्यावर. जबडा मोडून शस्त्रक्रिया झाली तर कार्ड चालेल, खुर्चीत बसून दाढ भरायला नाही. मला आधी संतापच आला. मग वाटलं, मोठ्या दुखण्यात घर बुडू नये म्हणून विमा असतो, त्यात चूक काय? पोरांच्या दातांकडे कुणीतरी वेळेवर बघायला हवं, एवढंच.

आणि तेही झालं होतं! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून डॉक्टरांचं फिरतं पथक सरकारी शाळांत जाऊन मुलं तपासतं, दातसुद्धा. पोरीच्या दप्तरात त्यांची चिठ्ठी होती: सरकारी इस्पितळात दाखवा. चिठ्ठी आणि इस्पितळ यांच्यामध्ये फक्त एका दिवसाची रजा होती. ती माझ्या हातात होती.

आपण चार दानं पाठ म्हणतो: आहार, औषध, शास्त्र, अभय. औषधदान म्हटलं की मला पावतीपुस्तक आठवतं. कामवालीला रजा देणं त्यात बसतं का, असं पंडितजींना कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. पाणी गाळताना मी किती जपते! प्रमादातून, बेसावधपणातून घडते ती हिंसा, हे मुलांना शिकवायचं आणि वर्ग सुटला की गोळ्या वाटायच्या. मुनींच्या 28 मूलगुणांत अदंतधावन आहे खरं, पण ते दिवसातून एकदाच आहार घेतात. आपल्या पोरांचं तोंड दिवसभर चालू.

दाढ काढायचे पैसे मी दिले. "पगार से काट लेना," आई म्हणाली. मी कापले नाहीत. त्याचंही जरा बरं वाटलंच, आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

पोर अजून एकाच बाजूने चावते. परवा मी तिला पेरू दिला, तर तिने तो आईपुढे धरला, बारीक फोडी करून दे म्हणून.