साहित्यपरिभाषा आणि अर्थाची जबाबदारी

साहित्याच्या अभ्यासकाने प्रगत इंग्रजी शब्दसंपदा आणि वाङ्मयीन संज्ञा आत्मसात करणे ही सामान्यतः केवळ भाषिक तयारीची बाब मानली जाते. संज्ञा अवगत झाली की संकल्पनाही अवगत झाली, असे गृहीतक या समजुतीमागे असते. परंतु संज्ञा वापरणारा प्रत्येक जण आपल्याला काहीएक कळले असल्याचा दावा करीत असतो. आणि जेथे दावा असतो तेथे त्याच्या खरेपणाचाही प्रश्न उपस्थित होतो. या अर्थाने परिभाषेचा प्रश्न नैतिक ठरतो.

'कॅथार्सिस' ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक आहे. 'पोएटिक्स'च्या सहाव्या प्रकरणात ट्रॅजेडीची व्याख्या करताना अॅरिस्टॉटल करुणा व भीती यांच्या संदर्भात ती योजतो. 'पॉलिटिक्स'मध्ये तो तिचे अधिक स्पष्टीकरण काव्यविवेचनात करण्याचे आश्वासन देतो. 'पोएटिक्स'च्या उपलब्ध संहितेत मात्र ते आढळत नाही. पुढील सारे वाद या रिक्त जागेभोवती उभे राहिले. अठराव्या शतकात लेसिंगने भावनांचे सद्गुणी प्रवृत्तींत होणारे रूपांतर असा अर्थ लावला. याकोब बेर्नाइसने १८५७ मध्ये वैद्यकीय निचऱ्याचा अर्थ आग्रहाने मांडला. लिऑन गोल्डनने १९६२ मध्ये बौद्धिक उलगड्याचा अर्थ पुढे आणला.

मराठीत या संज्ञेसाठी 'विरेचन' हा पर्याय रूढ झाला. विरेचन हे आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एक. शरीरातील दोष बाहेर काढण्याची ती प्रक्रिया. हा शब्द स्वीकारताच वाद बेर्नाइसच्या बाजूने निकाली निघतो आणि तसा निकाल लागला आहे, हे विद्यार्थ्याला जाणवतही नाही. 'शोकांतिका' या शब्दाचीही हीच गत आहे. तो शेवट शोकमय असण्याची अट घालतो. प्रत्यक्षात 'पोएटिक्स'च्या चौदाव्या प्रकरणात, वेळीच ओळख पटल्याने घोर कृत्य टळते अशा रचनेला अॅरिस्टॉटल श्रेष्ठ ठरवतो आणि त्यासाठी 'इफिजीनिया'चा दाखला देतो. 'शोकांतिका' एवढाच शब्द जवळ असलेल्या वाचकाला हे विधान कोड्यात टाकते.

मग मूळ शब्दच कायम ठेवावा काय? त्यानेही प्रश्न सुटत नाही. पर्यायी शब्द निदान काही सांगतो आणि म्हणून त्याची चूक दाखवता येते. 'कॅथार्सिस' हा शब्द मराठी वाक्यात तसाच ठेवला तर तो काहीच सांगत नाही. त्यामुळे त्याची चूकही पकडता येत नाही. अशा शब्दाला अर्थाऐवजी वजन प्राप्त होते. चर्चासत्रात इंग्रजी संज्ञांची रास ओतणारा वक्ता आणि तिच्यापुढे गप्प बसलेला, इंग्रजीची पार्श्वभूमी नसलेला विद्यार्थी यांच्यात त्या वेळी ज्ञानाची देवघेव होत नाही, श्रेणी मात्र ठरून जाते. या अन्यायाची जबाबदारी शब्दावर टाकता येत नाही. ती वापरणाऱ्याची आहे.

देशी संज्ञांचा आग्रह हाही यावरचा पुरेसा उपाय नव्हे. 'रस' किंवा 'ध्वनी' हे शब्दही तितक्याच सहजतेने निरर्थक उच्चारता येतात. दोष परकेपणात नसून अर्थाशी तुटलेल्या वापरात आहे. एम. एच. एब्रम्स यांच्या १९५७ मधील इंग्रजी संज्ञाकोशाची रचना म्हणूनच विचारात घेण्याजोगी आहे. त्यात व्याख्यांच्या यादीऐवजी लघुनिबंध आहेत. संज्ञेबरोबर तिचा इतिहास आणि तिच्याविषयीचे मतभेदही येतात. परीक्षोपयोगी मार्गदर्शके नेमका हाच भाग गाळतात आणि एका ओळीची व्याख्या शिल्लक ठेवतात.

संज्ञा शिकणे म्हणजे एका चालू वादात सहभागी होणे होय. तो वाद ज्ञात असणे, संज्ञा बाजूला ठेवूनही तोच मुद्दा साध्या मराठीत मांडता येणे आणि समोरची कलाकृती संज्ञेत मावत नसेल तर संज्ञेलाच तपासणे, एवढ्या अटी पाळणाऱ्यालाच ती वापरण्याचा अधिकार पोहोचतो. एरवी समीक्षेची भाषा समृद्ध झाल्याचा केवळ आभास निर्माण होतो आणि साहित्यकृती मात्र न वाचलेलीच राहते.