विसावा कोणाचा?

शनिवार-रविवारी जिवलग मित्रासह कोलकात्यास जावे, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या शांततेत घटकाभर बसावे, सायंकाळी हुगळीच्या काठी जुन्या आठवणी काढाव्यात, यात गैर ते काय? काहीच नाही. थकून परतलेल्या प्रेषितांना एकांती विसावा घेण्यास प्रभूनेच सांगितले होते (मार्क ६:३१). विश्रांतीला आळस समजणाऱ्या धर्मशीलांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

परंतु शब्बाथाची आज्ञा आपल्यापाशीच थांबत नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, या सर्वांनाही ती विसाव्यात सामील करून घेते (अनुवाद ५:१४). आपल्या सहलीत ही मंडळी कोठे असतात? पहाटे खोलीवर चहा आणणारा पोऱ्या आपल्या रविवारीच अधिक राबतो. न्यू मार्केटच्या परिसरात तर माणसाने ओढावयाची रिक्षाच समोर उभी राहते. ती बंद करण्याचे विधेयक पश्चिम बंगालच्या विधानसभेने २००६ साली मंजूर केले. तरी ती रस्त्यावरून पुरती गेली नाही. बसावे, तर आपला आराम दुसऱ्याच्या छातीवर. न बसावे, तर त्याच्या चुलीचे काय?

मित्र म्हणेल, "दुप्पट भाडे दे आणि बस." हा तोडगा मला अर्धाच पटतो. पैशाने त्याची भाकरी सुटेल, रविवार सुटणार नाही. न बसता पैसे द्यावेत, तर ती भीक ठरते. कष्टाने जगणारा ती का घेईल?

हा वाद मित्राशी अवश्य घालावा. मैत्री तेवढ्याने विटत नाही. मात्र लवकर घालावा. उपासनेहून परतताना तो हातातली घंटी वाजवीत विचारीलच, "कुठे जायचे, बाबू?"