छप्पर नसलेल्या चर्चची चाल

आमच्या माण तालुक्यात वरातीची एक रीत होती. वाटेत सुतकाचं घर आलं की बँड गप. घर मागं पडलं की पुन्हा सुरू. हे कुणी सांगावं लागत नसे. माझे चुलते तात्या बँडमास्तर. ते कॉर्नेट ओठांवरून खाली घ्यायचे, की मागचे आपोआप थांबायचे.

घाटकोपरला आलो तर इथं घराला घर लागून. असं थांबायचं म्हटलं तर वाजवायचं कधी? तरी रीत अंगात राहिलीच. म्हणून मरोळच्या एका ईस्ट इंडियन घरातून लग्नासाठी ‘आमच्या जुन्या चर्चवर एक खुशीची चाल बांधा’ अशी मागणी आली, तेव्हा मी लगेच हो म्हणालो नाही.

हे चर्च म्हणजे अंधेरीच्या सीप्झमधलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलेलं. १८४० मध्ये साथ आली, लोक मरोळला सरकले आणि चर्च ओस पडलं. १९७३ मध्ये आजूबाजूला सीप्झ उभं राहिलं. वर्षातून एकदा मे महिन्यात मंडळी तिथं प्रार्थनेला जमतात. त्या दिवशी मेट्रोनं मरोळ नाक्याला उतरून मीही गेलो. भिंती उभ्या, छप्पर नाही.

त्याच काळात तिकडं व्हेनिसला सेंट मार्क चर्चमध्ये गाब्रिएली नावाचा संगीतकार होता. १५९७ साली छापलेल्या त्याच्या एका रचनेत सहा ट्रॉम्बोन आहेत. वाजवणाऱ्यांचे दोन जथे एकमेकांना उत्तर देतात. त्याच्या डोक्यावर घुमट होते, सोडलेला सूर घुमून परत यायचा. इथं सूर वर गेला की गेला, वरातीत जातो तसा. म्हणजे चाल बांधायची तर रस्त्यावरचीच, छोट्या दमाची, उडती. हाताला ती लवकर सापडलीही. अडचण मनाची होती.

तात्यांना फोन केला. म्हणाले, “साथीत ओस पडलेल्या जागेवर नाचायची चाल? हे म्हंजे सुतकाच्या दारात वाजवणं झालं.”

नवरदेवाच्या आजींपुढं मी हेच मांडलं. त्या म्हणाल्या, “तुमच्यात सुतक फिटतं ना? मग आमचं कधी फिटायचं, सांग बरं.”

मला उत्तर देता येईना. मग गावाकडचीच एक गोष्ट आठवली. कधी कधी सुतकाच्या घरातूनच निरोप यायचा, “वाजवा बाबांनो, पोरीचं लग्न आहे, आमच्यापायी थांबू नका.” असा निरोप आला की तात्या वाजवायचे, हळू का होईना. म्हणजे थांबणं हे आपलं काम, पण कुठवर थांबायचं ते ठरवणारं घर दुसरं. परक्याच्या दुःखाचा मान राखता राखता आपण त्याचे मालक होऊन बसतो. “तुम्ही अजून रडलं पाहिजे,” असं तोंडानं म्हणत नाही एवढंच.

याला दुसरी बाजूही आहे. उद्या कुणी निरोपाची वाट न बघता कुणाच्याही पडक्या भिंतीपुढं ढोल बडवील आणि म्हणेल, झालं गेलं विसरा. तेही तितकंच वाईट. खुशीची चाल चांगली की वाईट हे सुरांत नसतं. आधी कुणाला विचारलं, त्यात असतं.

चाल बांधली. मध्यावर दोन आवर्तनं रिकामी ठेवली. पितळ गप, ताशाही गप. आजींना ऐकवली. त्या जागी त्यांनी मान वर केली. “दम लागला का रे?”

मी म्हटलं, “नाही आजी, गेलेल्यांसाठी आहे.”

थोडं थांबून म्हणाल्या, “एक पुरे. पोरांचे पाय थंड पडतात.”

एकच ठेवलं. वरातीत पोरं त्या जागी थांबत नाहीत, टाळ्यांवर ठेका धरतात. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, “विचारलंस ना? मग वाजीव.”