इस्लाह आणि उसना आवाज

अमेरिकेत वकिलीचे शिक्षण घ्यायचे तर आधी कोणत्या तरी विषयाची पदवी पदरात असावी लागते. त्यानंतर तीन वर्षांचा जे.डी. हा अभ्यासक्रम. प्रवेशासाठी बहुतेक मुले एलसॅट नावाची परीक्षा देतात. तिचे गुण १२० ते १८० या पट्टीत मोजतात. पदवीचे गुण आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रेही जोडावी लागतात. या सगळ्याबरोबर आणखी एक कागद मागितला जातो. त्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. साधारण दोन पानांचे हे निवेदन असते. आपण कोण आहोत, कुठून आलो आणि कायद्याकडे का वळलो, हे उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत सांगायचे. एलएल.एम. साठी भारतातून जाणाऱ्या मुलांनाही असेच निवेदन लिहावे लागते. आपल्याकडे क्लॅट असो की राज्याची सीईटी, तिथे 'तू कोण' असे कुणी विचारत नाही. गुण दाखवा, दाखले जोडा आणि यादीत नाव शोधा. त्यामुळे आपला मुलगा किंवा मुलगी त्या दोन पानांपुढे बसली की गोंधळते आणि मदत शोधू लागते. ही मदत किती घ्यावी, कुणाकडून घ्यावी, आणि मदत करणाऱ्याने कुठे हात आखडावा? वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ आहे. आम्हाला तो तसा वाटत नाही.

मदत घेणेच गैर, असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींचा निकाल आधी लावू. आपल्या समाजात एकट्याने कोण लिहीत आले आहे? तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. मुंबईच्या मोठ्या पोस्टाजवळ बसून परगावच्या मजुरांची पत्रे लिहिणारेही होते. कोकणातल्या कित्येक घरांतून आखातात गेलेली पत्रे शेजारच्या शाळकरी पोराच्या अक्षरातली असत. आई सांगे, पोरगा लिही. सलाम-दुआ, सगळे खैरियत आहे वगैरे मजकूर तो आपल्याच पदरचा घाली. तरी ते पत्र आईचेच असे, कारण लिहून झाल्यावर ती ते वाचून घेई आणि मध्येच थांबवी : "हे नको लिहूस, तो तिकडे घाबरेल." पोराला ती ओळ खोडावी लागे. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती, पण नको म्हणण्याचा हक्क तिच्याकडे होता. आमच्या मते सगळा प्रश्न या हक्कापाशी येऊन थांबतो.

उर्दू शायरीत मदतीची एक रीतसर परंपराच आहे. शागिर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवतो आणि उस्ताद तिच्यावर इस्लाह देतो. एखादा शब्द बदलतो, मिसरा सैल असेल तर आवळतो. गालिब तर हे काम टपालाने करीत. हरगोपाल तफ्ता यांच्यासारख्या शिष्यांना त्यांनी लिहिलेली पत्रे आज उर्दू गद्याचा ठेवा मानली जातात. खरा उस्ताद शब्द बदलतो तेव्हा कारणही सांगतो, म्हणजे पुढच्या गझलेत शागिर्दाला ती चूक स्वतःची स्वतः दिसावी. मात्र याच परंपरेची दुसरी बाजूही विसरू नये. बहादूरशहा जफर यांचे उस्ताद जौक. ते १८५४ मध्ये वारले. त्यांचे शिष्य मुहम्मद हुसेन आझाद यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या 'आब-ए-हयात' या ग्रंथात बादशहाच्या शायरीचा मोठा भाग जौक यांच्याच खाती टाकला. अभ्यासकांनी हे म्हणणे जसेच्या तसे मान्य केलेले नाही. शिष्याने गुरूचे माप जरा जास्तच भरले असणार. पण जफर १८६२ मध्येच रंगूनला बंदिवासात वारले होते, त्यांना उत्तर देता येणार नव्हते. डाग चिकटला तो चिकटलाच. मदतीचा हात इतका मोठा झाला, की जे निखालस आपले तेही संशयात सापडते.

आता कोणी म्हणेल, आणि एका वकील मित्राने आम्हाला हे ऐकवलेही, की दुसऱ्याच्या वतीने लिहिणे हाच तर वकिलीचा धंदा आहे. अशिलाचे प्रतिज्ञापत्र वकील लिहितो, अशील खाली सही करतो. मग वकील होऊ पाहणाऱ्याने आपले दोन पानी निवेदन दुसऱ्याकडून लिहून घेतले तर बिघडले कुठे? युक्तिवाद चलाख आहे, पण त्यात एक गाळलेली जागा आहे. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकिलाचा असतो हे न्यायाधीशाला ठाऊक असते, विरुद्ध पक्षाला ठाऊक असते, चपराशालाही ठाऊक असते. तिथे कुणाची फसगत होत नाही. वकालतनामा उघडपणे दाखल होतो. प्रवेशाच्या निवेदनात मात्र वाचणाऱ्याला उलटे वचन दिलेले असते. अर्जातला मजकूर खरा आहे, लेखन माझे आहे, अशी सही अनेक ठिकाणी घेतली जाते. एलसॅटबरोबर एक लेखनाची परीक्षाही असते. तिला गुण नसतात. देखरेखीखाली, ठरलेल्या वेळेत, कुणाच्याही मदतीशिवाय लिहिलेला तो मजकूर विद्यापीठाकडे जातो आणि निवेदनाशेजारी ठेवून वाचता येतो. पुढे वकिलीची सनद मागताना चारित्र्याची चौकशी होते, तेव्हा प्रवेशाचा जुना अर्जही काढून ताडून पाहिला जाऊ शकतो. तरीही आम्ही पकडले जाण्याच्या भीतीवर फार भर देणार नाही. भीतीने पाळलेली नीती फार दिवस टिकत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. अमेरिकेत या दोन पानांसाठी सल्लागार मिळतात आणि ते हजारो डॉलर घेतात. पुण्या-मुंबईतही हा धंदा चांगला बसला आहे. ज्याच्या घरात दोन पिढ्या वकिली आहे, त्या मुलाचे निवेदन रात्री जेवणाच्या टेबलावर काका वाचतात, बापाचे मित्र दोन सूचना करतात. त्याला कुणी 'मदत' म्हणत नाही, तो घरचा संस्कार ठरतो. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रवेशांचा मोठा घोटाळा उघड झाला. मुलीच्या प्रवेशपरीक्षेची उत्तरे दुरुस्त करून घेण्यासाठी ७५ हजार डॉलर मोजणारा एक बाप त्या खटल्यात गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. तो स्वतः एका नामांकित वकिली पेढीचा सहप्रमुख होता! अशा जगात स्वावलंबनाचा उपदेश फक्त टॅक्सीवाल्याच्या किंवा यंत्रमाग कामगाराच्या मुलीला करायचा, यात कसली आली नीती? तिला मदत कमी नव्हे, जास्तच मिळाली पाहिजे. फक्त ती कोणत्या जातीची मदत असावी, हे पाहायला हवे.

अलीकडे भिवंडीची एक मुलगी आमच्याकडे आली. वडील यंत्रमागावर. तिने इथे कायद्याची पदवी घेतली आणि एलएल.एम. साठी अमेरिकेत अर्ज करायचे ठरवले. तिच्या पहिल्या खर्ड्यात एका वहीची गोष्ट होती. वडिलांनी रोज किती मीटर कापड विणले ते ती लहानपणापासून या वहीत लिही. पंधरवड्याला मजुरी हातात येई तेव्हा 'डॅमेज'च्या नावाखाली काही रक्कम कापलेली असे. पगाराची चिठ्ठी कधीच नसे. एकदा तिने वही पुढे करून हिशेब मागितला आणि कापलेले पैसे परत मिळाले. लिहिलेल्या कागदात ताकद असते हे तिला तिथे समजले. कायद्याकडे वळण्याचे एवढेच कारण, आणि आमच्या मते पुरेसे.

एका सल्लागाराने हा खर्डा बाजूला ठेवला. त्याचे म्हणणे, वही-हिशेबात 'दम' नाही. भिवंडीचे नाव आहे तर दंगलीचे लिही. तू मुस्लिम मुलगी, तर घरच्यांचा शिक्षणाला विरोध, बुरखा, त्यातून सुटका, असे काही येऊ दे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे. भिवंडीत १९७० मध्ये दंगल झाली, १९८४ मध्ये झाली, हे खरे आहे. या मुलीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आणि वडिलांचा विरोध? ज्या माणसाने रात्रपाळ्या करून तिची फी भरली, त्याला तिने दोन पानांत खलनायक करायचे होते. ती आम्हाला म्हणाली, "सर, इंग्रजी माझ्यापेक्षा छान झालंय. पण अब्बांनी वाचलं तर?"

या मुलीची इंग्रजी वाक्ये कुणी दुरुस्त केली असती तर आमची काही हरकत नव्हती. इथे वाक्यांबरोबर बापही बदलला. वाचणाऱ्याच्या मनात मुस्लिम मुलीचे जे चित्र आधीपासून टांगलेले आहे, त्या चौकटीत हिला बसवण्याचा हा उद्योग. आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्यांतून, सिनेमांतून आपण ही तक्रार वर्षानुवर्षे करीत आलो. आता ते चित्र आपल्याच मुलींकडून, त्यांच्याच सहीने, फी घेऊन काढून घेतले जात आहे.

अमेरिकेतली परिस्थितीही हा मोह वाढवणारी आहे. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाला टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलने केवळ वर्णामुळे नाकारले होते. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला लावला. २००३ मध्ये मिशिगनच्या लॉ स्कूलच्या खटल्यात न्यायालयाने वंशाचा विचार एका मर्यादेत मान्य केला. २९ जून २०२३ च्या हार्वर्ड खटल्याच्या निकालाने ती वाट जवळजवळ बंद केली. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने निबंधात सांगितले, तर ते त्या व्यक्तीच्या गुणांशी जोडून विचारात घेता येईल, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालात नमूद केले. म्हणजे जो भार आधी धोरण उचलत होते, तो आता अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या निबंधावर येऊन पडला. दुःख असेल तर ते नीट मांडा, नसेल तर शोधा! ज्याला आपली जखम सांगावीशी वाटते त्याने ती जरूर सांगावी. तो त्याचा हक्क आहे. पण ती मागण्याचा हक्क मदतनिसाला नाही. आणि 'मशिदीतल्या अभ्यासिकेचा उल्लेख काढून टाक, उगाच शंका येईल' असे सांगणाराही आमच्या लेखी त्याच पंक्तीतला.

यंत्राचेही बोलायला हवे. २०२३ च्या उन्हाळ्यात मिशिगनच्या लॉ स्कूलने अर्जाच्या निबंधात चॅटजीपीटीसारख्या साधनांना मनाई केली. त्याच सुमारास ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लॉ स्कूलने परवानगी दिली. पुढे २०२५ मध्ये मिशिगनने एक ऐच्छिक प्रश्न असा ठेवला की त्याचे उत्तर यंत्राची मदत घेऊनच लिहायचे. नियम असे दर सालाला कूस बदलतात. जिथे अर्ज करायचा तिथला नियम पाळलाच पाहिजे, पण नीतीचा निवाडा नियमावर सोपवता येत नाही. सल्लागाराची फी न परवडणाऱ्या मुलीला यंत्र फुकटात म्हणाले, 'हे वाक्य कळत नाही, इथे दुवा तुटला आहे', तर ती इस्लाह झाली. तिने 'माझ्याबद्दल दोन पाने लिही' म्हटले आणि ती उचलून जोडली, तर तो उसना आवाज. माणसाला जे माप लावले तेच यंत्राला.

जाता जाता शिफारसपत्रांबद्दल. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे म्हणणारे प्राध्यापक आपल्याकडे काही थोडेथोडके नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात बोलावे अशी अपेक्षा करताना गुरुजींनीही निदान एक परिच्छेद स्वतः लिहायला हरकत नसावी.

त्या मुलीला आम्ही आधी बोलायला लावले. कागद बाजूला ठेवून तासभर ती बोलली. जे ती पुन्हा पुन्हा सांगत होती ते आम्ही टिपून घेतले आणि तिच्याच हाती दिले. पुढचे तीन खर्डे तिचे. आम्ही पेन्सिलीने समासात फक्त प्रश्न लिहिले : हे कधीचे? मालक काय म्हणाला? इथे तू उभी होतीस की ऐकलेस? तिच्या फाइलमध्ये एक शब्दही आम्ही टंकला नाही. तिसऱ्या खर्ड्यात 'तागा' हा शब्द तसाच आला होता. अमेरिकन वाचकाला तो कळणार नाही, असे आम्ही म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शब्द राहू दे सर, मी समजावून लिहिते." आणि तागा म्हणजे काय, तो किती मीटरचा, तो उतरवताना अब्बांच्या खांद्याला काय होते, असा आणखी एक परिच्छेद तिने लिहिला. शब्दमर्यादा ओलांडली, म्हणून शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेच्या बक्षिसाचा परिच्छेद तिने स्वतःच काढून टाकला.