पंखाखालची अमानत





मुलांच्या हट्टाखातर बाजारातून बदकाचे एखादे पिल्लू घरी आणले जाते. त्याची पिवळी लव, चपटी चोच, डुलत चालणे यांत सारे घर रमते. काही दिवसांनी ते खोक्यात निपचित पडलेले आढळते, आणि आपण म्हणतो, त्याचे आयुष्यच तेवढे होते. आयुष्य अल्लाहच्या हाती आहे, यात शंका नाही. परंतु त्या पिलाची ऊब आपल्या हाती सोपवलेली होती. तिचा हिशेब कोणी द्यायचा?

पक्षी पाळणे निषिद्ध नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहानसा पक्षी होता, आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्या बालकाशी त्या पक्ष्याविषयी आपुलकीने बोलत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. तिच्या आधारे विद्वानांनी पक्षी पाळण्यास अनुमती दिली. मात्र त्याच्या अन्नपाण्याची व निवाऱ्याची हेळसांड होता कामा नये, ही अट घातली. याच दोन संग्रहांत त्या स्त्रीचीही हकीकत आहे, जिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधण्यास मोकळेही सोडले नाही. त्या अपराधापायी ती शिक्षेस पात्र ठरली. खोक्यातले पिल्लूही कोंडलेलेच असते. थंडी वाजली तर ते ऊब शोधायला कोठे जाणार?

अंगावरची लव पाहून ते पुरते पांघरलेले आहे, असा आपला समज होतो. वस्तुतः सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराची उष्णता राखण्यास ती लव पुरत नाही. म्हणून पिल्लू आईच्या पंखाखाली शिरते. शेपटीच्या मुळाशी असलेली तैलग्रंथीही तेव्हा नीट काम करीत नसते. आईविना वाढणाऱ्या पिलाची लव त्यामुळे पाण्यात चटकन भिजते. बदकच ते, पोहणारच, असे म्हणून मुले त्याला टबात सोडतात आणि ते गारठून जाते.

म्हणजे पिल्लू घरी आणणाऱ्यावर आईचे काम येऊन पडते. ब्रूडरमध्ये, अर्थात उबेच्या पेटीत, पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत बाहेरच्या हवेइतकी आणावी. दिवा एका बाजूस असावा, म्हणजे दुसरी बाजू थंड राहते. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना बिलगली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक झाली आहे, असे समजावे. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी. गुळगुळीत कागदावर पाय घसरून अधू होतात, यास्तव खाली गोणपाट अंथरावे व ते कोरडे ठेवावे. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडवून स्वच्छ करता येतील इतके खोल असावे, पण पिलाला आत बसता येईल इतके रुंद नसावे. केवळ पाव व भातावर ते वाढत नाही. नायसिन या जीवनसत्त्वाची त्याला कोंबडीच्या पिलाहून अधिक गरज असते. ते कमी पडले तर पाय दुबळे होतात. बदक एकटे राहणारे नाही, म्हणून पिल्ले निदान दोन असावीत. त्यांना हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

हे सारे जमणार नसेल, तर बाजारातच मुलाला समजावून नाही म्हणावे. तीही दयाच होय.

दिव्य कुरआनने ममतेसाठी पंखाचीच प्रतिमा योजिली आहे. मातापित्यांपुढे नम्रतेचा पंख झुकविण्याची आज्ञा आहे (१७:२४), आणि श्रद्धावंतांसाठी आपला पंख झुकवावा, असा आदेश खुद्द प्रेषितांना (स.) आहे (१५:८८). जे मूल रात्री उठून पिलाचा दिवा पाहते, ते हीच शिकवण गिरवीत असते. उद्या आपल्या वार्धक्यात आपले पांघरूण सारखे करणारा हातही कदाचित तोच असेल. मराठीत पिल्लूही पाळतात आणि वचनही पाळतात. पहिले घरी आणले, की दुसरे दिले गेलेच.

अल्लाह आपल्या अंतःकरणांत मुक्या जिवांविषयी करुणा जागवो आणि प्रत्येक अमानत जपण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.